नसलेल्या गावाला टाचणी कुठे टोचायची?

नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आला आहे. अकरावीच्या मुलांकडून त्यांना विदर्भाचा एक नकाशा करून घ्यायचा आहे. त्यावर खरी गावं असतीलच, पण कथा, कादंबऱ्या आणि नाटकांतून लेखकांनी वसवलेली, जनगणनेच्या यादीत न सापडणारी गावंही दाखवायची आहेत. ही गावं कुठे दाखवायची, नकाशा किती मोठा काढायचा आणि गूगलच्या नकाशावर टाचण्या लावल्या तर चालतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझी चूक तिथेच झाली होती. टाचणी लावू नका.

नोकरीची 27 वर्षं मी आरेखक होते. गावनकाशे, शिवेच्या खुणा, पांदन रस्ते, नाल्यांची वळणं हेच रोजचं काम. निवृत्त झाल्यावर वाचनाची आवड आणि हाताची सवय एकत्र आली आणि मी पुस्तकांतली गावं कागदावर उतरवायला लागले. पहिल्याच वर्षी कापसाच्या पट्ट्यातली एक कादंबरी घेतली. गाव लेखकाच्या मनातलं. पण नदी, जिनिंग फॅक्टरी, गावाबाहेर फुटणारे दोन फाटे, पारासमोरचा देशमुखांचा वाडा, सगळं इतकं बारकाईनं लिहिलेलं की मला त्यात एक खरं गाव दिसायला लागलं. जुळवत गेले आणि जुळत गेलं. लाल टाचणी लावली, खाली खऱ्या गावाचं नाव लिहिलं आणि एका वाचनालयाच्या प्रदर्शनात नकाशा टांगला.

दोन-अडीच महिन्यांनी सत्तरीच्या एक काकू पुतण्याला सोबत घेऊन माझ्या घरी आल्या. पिशवीतून त्यांनी माझ्याच नकाशाची चार घड्या पडलेली झेरॉक्स काढली आणि टेबलावर पसरली. त्या गावातल्या त्या मोठ्या घराच्या त्या सून. लोक रविवारी गाडी करून घर पाहायला येत होते आणि कोणती विहीर ती, असं अंगणात उभं राहून विचारत होते, कारण कादंबरीतली धाकटी सून विहिरीत जीव देते. "आमच्या घरात असं काही झालं नाही हो बाई," एवढंच त्या म्हणाल्या. चहा अर्धाच घेतला आणि निघाल्या.

त्या रात्री मी कादंबरी पुन्हा काढली. दोनदा वाचूनही सुटलेली एक ओळ तेव्हा दिसली. गावाच्या पाराकडून पाहिलं तर सूर्य नदीच्या पलीकडे मावळतो, असं लेखकानं लिहिलं होतं. मी टाचणी लावलेल्या गावाची नदी पूर्वेला आहे. तिच्या पलीकडे सूर्य उगवतो. जुळणाऱ्या नऊ गोष्टी मी मोजल्या होत्या आणि न जुळणारी एक डोळ्यांखालून जाऊ दिली होती. एका घराला त्याचा त्रास झाला, आणि तोही चुकीच्या घराला. बरोबर घर सापडलं असतं तरी तो त्रास कमी झाला नसता, हे मला त्याहून जास्त लागलं.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळते. कल्पित गाव कुठे आहे हे दाखवत नाही, ते कुठे असू शकतं तेवढी हद्द दाखवते. फिका रंग आणि तुटक कड. ज्यानं गाव लिहिलं त्यानं दोन-तीन खरी गावं मिसळून, एकाची नदी, दुसऱ्याचा बाजार, तिसऱ्याची माणसं घेऊन ते घडवलेलं असतं. एका बिंदूवर ते बसतच नाही.

मुलांना काम असं द्या. पुस्तक वाचताना जागेबद्दलची प्रत्येक ओळ एका कार्डावर उतरवायची. पान, आवृत्ती, आणि ते वाक्य कोण बोलतंय: निवेदक की पात्र. मग प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तीनपैकी एक शिक्का. "लिहिलेलं", म्हणजे लेखकानं स्पष्ट सांगितलेलं. "निघणारं", म्हणजे त्यावरून हिशेबानं काढता येणारं. "आपलं", म्हणजे आपल्याला वाटलेलं. नकाशावर पहिल्याची रेघ पक्की, दुसऱ्याची तुटक. तिसरं नकाशावर यायचंच नाही, वहीत राहील. मुलं इथे वाद घालतील. घालू द्या. "हे लिहिलेलं आहे की निघणारं?" यावर अर्धा तास भांडलेली मुलं ते पान जन्मभर विसरत नाहीत.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणावर पूर्ण दाखवते. मुद्दाम नागपूरच्या दारातलं उदाहरण घेते: मोगलीचं गाव.

नागपूरच्या शून्य मैलाच्या खांबावर आठ गावांची अंतरं कोरली आहेत, त्यांत सिवनी 79 मैल आहे. म्हणजे सुमारे 127 किलोमीटर. किपलिंगनं 1894 आणि 1895 मधल्या जंगलकथांच्या दोन पुस्तकांत हेच सिवनीचे डोंगर घेतले आणि नदी घेतली वैनगंगा. हीच नदी पुढे भंडाऱ्यावरून, पवनीवरून खाली जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते. डोंगर खरे, नदी खरी. पण मोगली ज्या गावात जाऊन राहतो त्या गावाला लेखकानं नावच दिलेलं नाही. आता कार्डं लावा.

पहिलं कार्ड: लांडग्यांचा डोंगर सोडल्यावर मोगली दरीतल्या कच्च्या वाटेनं जवळजवळ 20 मैल धावत जातो, मग दरी उघडून मोठं मैदान लागतं आणि त्याच्या एका टोकाला गाव. शिक्का "लिहिलेलं". दुसरं कार्ड: म्हशी चारायला तो मैदानाच्या कडेला नेतो, जिथे वैनगंगा जंगलातून बाहेर पडते. हेही "लिहिलेलं". तिसरं कार्ड सगळ्यांत कामाचं. गावकरी मेसुआला, म्हणजे मोगलीला घरात घेणाऱ्या बाईला, आणि तिच्या नवऱ्याला जाळायला निघतात तेव्हा मोगली त्यांना सोडवतो. ते दोघं म्हणतात, आज रात्रीत कान्हीवाड्याला पोचलो तर जगू, नाहीतर मरू. कान्हीवाडा खरं गाव आहे, सिवनी जिल्ह्यातच, सिवनीच्या पूर्वेला. या वाक्यात अंतर नाही, वेळ आहे. अंतर "निघणारं".

काढून पाहू. मार खाल्लेली, रक्ताळलेली दोन माणसं, अंधार, जंगलवाट. तासाला 5 किलोमीटर हा सडकेवरचा वेग झाला, इथे तो 3 धरा. रात्रीचे नऊ-दहा तास. 27 ते 30 किलोमीटर चालणं होतं. जंगलवाट सरळ नसते, म्हणून नकाशावरचं सरळ अंतर त्याच्या पाऊण धरते मी: साधारण 20 ते 23 किलोमीटर. आता कान्हीवाड्यावर कंपासची टोकदार बाजू ठेवून तेवढं वर्तुळ काढा. वर्तुळात वैनगंगेचा जेवढा काठ येतो आणि त्यातही जिथे डोंगर संपून मोकळवण लागतं, तेवढाच रंगवा. एक वाकडातिकडा पट्टा उरतो. तोच मोगलीच्या गावाचा नकाशा. मुलांना विचारा, 3 ऐवजी 4 किलोमीटरचा वेग धरला तर? पट्टा फुगतो. कड तुटक का काढायची, हे मग त्यांना सांगावं लागत नाही.

या नकाशाखाली एक ओळ मात्र लिहायलाच हवी. या कथा किपलिंगनं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या. सिवनीचं रान त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्याची अंतरं वाचून आणि ऐकून आलेली आहेत. पेंचच्या वाटेवर मोगलीच्या नावाच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यामुळे चार मुलं पुस्तक तरी उघडतात. पण तुमच्या नकाशाचा आधार पुस्तकातली ओळ असायला हवा, पाटी नव्हे.

दुसरा फसवणारा प्रकार म्हणजे नावं. महेश एलकुंचवारांच्या 1985 च्या 'वाडा चिरेबंदी'मधले देशपांडे धरणगावकर. मुलं मोबाइलवर "धरणगाव" टाकतील आणि जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं धरणगाव पुढ्यात येईल. ते खानदेश. नाटकातला वाडा विदर्भातला. नावाचा शोध लागला म्हणजे गावाचा शोध लागला असं होत नाही. मग दुसरा मोह असा, की लेखकाचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, म्हणजे वाडा पारव्याचाच. तेही नको. लेखक कुठे जन्मला हे "लिहिलेलं" नाही आणि "निघणारं"ही नाही. ते फक्त "आपलं".

या नाटकासाठी तर मी वेगळाच सल्ला देईन. नाटकाचं सगळं घडणं वाड्याच्या आत आहे. गावाचा नकाशा काढायला त्यात फार थोडं सापडेल. त्याऐवजी वाड्याचा आराखडा काढायला सांगा. कोण कुठून येतं, कोणत्या दारातून आत जातं, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर कुठून दिसतो. नाट्यसूचना आणि संवाद वाचत वाचत मुलांनी खोल्या मांडल्या की कोणाच्या वाट्याला घराचा कोणता भाग येतो हे कागदावर दिसायला लागतं. विदर्भाच्या मोठ्या नकाशावर या वाड्यासाठी कापसाच्या पट्ट्यात एक मोठा फिका रंग पुरे, आणि शेजारी चौकटीत हा आराखडा.

आता तुमच्या विषयातला पुरावा, जो आम्हा नकाशावाल्यांकडे नसतो: बोली. माझ्या मते विदर्भात गाव शोधायला याहून चांगलं साधन नाही. प्रमाण भाषेतला "डोळा" वऱ्हाडीत "डोया" होतो आणि झाडीबोलीत "डोरा". ळ चा य झाला तर तुम्ही पश्चिमेला, कापूस-ज्वारीच्या काळ्या मातीत आहात. ळ चा र झाला तर पूर्वेला, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांत आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, मुलखात. उद्धव शेळक्यांच्या 1960 च्या 'धग' कादंबरीतली कौतिक ज्या वऱ्हाडीत बोलते तिच्यावरून मुलांना हे कान लावून ऐकायला शिकवा. गावाचं नाव झाकून ठेवा आणि फक्त संवाद वाचून दाखवा. पण इथेही कार्डावर "कोण बोलतंय" हे हवंच. आजी "डोरा" म्हणत असेल आणि घरातलं बाकी कुणीच म्हणत नसेल, तर गाव पूर्वेचं नसून आजीचं माहेर पूर्वेचं आहे.

गावांच्या नावांची शेपटंही बोलतात. सिंदेवाहीसारखं "वाही" चंद्रपूरकडे, आलापल्लीसारखं "पल्ली" गडचिरोलीच्या दक्षिणेला जिथे तेलुगू जवळ येते, "टोला" गोंदियाकडे. लेखक गाव खोटं वसवतो, पण नाव ठेवताना कान खरा ठेवतो. बहुतेक वेळा. आर. के. नारायण यांनी 1935 पासून मालगुडी वसवलं ते दक्षिणेत, आणि तिथल्या नदीला नाव दिलं शरयू. नावावर विसंबून कुणी ते अयोध्येजवळ शोधत बसलं असतं. म्हणून नाव हे एक कार्ड. त्यावरून हद्द आखायची नाही, आधी आखलेली हद्द पडताळून पाहायची.

पीक, माती, वाहन यांचीही कार्डं करा. संत्र्याचा बगीचा आला की काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा डोळ्यांपुढे येतो. बंडीनं बाजाराला दोन तास लागत असतील तर बैलाच्या चालीनं 6 ते 8 किलोमीटर. कोस लिहिला असेल तर 3 किलोमीटर धरा, पण आमच्या म्हाताऱ्यांचा कोस माणसागणिक लांब-आखूड व्हायचा हेही कार्डावर लिहा. पात्र नॅरोगेजच्या गाडीत बसलं तर काम फार सोपं होतं: मूर्तिजापूरहून यवतमाळला किंवा अचलपूरला जाणारी शकुंतला, पुलगाव-आर्वी, नागपूर-नागभीड. अशा मोजक्याच रेघा होत्या.

इथेच सालाचा प्रश्न येतो, आणि यात बहुतेक जण घसरतात. नकाशा कथेच्या काळाचा हवा, आजचा नव्हे. 1982 च्या आधीच्या कथेत गडचिरोली जिल्हा नाही, तो चंद्रपूरचाच भाग. त्याआधीच्या पुस्तकांत चंद्रपूरही नाही, चांदा आहे. वाशीम 1998 चा जिल्हा, गोंदिया 1999 चा. 1956 पर्यंत नागपूर ही राजधानी होती, त्यामुळे जुन्या कथांतला माणूस "राजधानीला" निघतो तेव्हा तो मुंबईला जात नसतो, सीताबर्डीवर उतरत असतो. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेली गावं आजच्या नकाशावर निळी दिसतात. धरणाआधीच्या कथेत तिथे चुली पेटलेल्या असतील. 1908 चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर जुन्या रस्त्यांसाठी आणि बाजारांच्या दिवसांसाठी उघडून पाहा. विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात मुलांना एक दिवस न्याच, जुन्या आवृत्त्या तिथे हाताळता येतील.

गावांच्या यादीतली एक गोष्ट मुलांना आवडेल. आपल्या महसुली नोंदीत कितीतरी मौजांपुढे "रिठी" लिहिलेलं असतं. म्हणजे नाव आहे, शीव आहे, गट क्रमांक आहेत, पण वस्ती नाही. सरकारी नकाशात माणसं नसलेली गावं असतात. मग पुस्तकातलं भरलेलं गाव आपल्या नकाशावर दाखवताना बिचकण्याचं काही कारण नाही. फक्त ते रिठीच्या मौजात नेऊन बसवू नका, ती जागा मोकळी दिसते म्हणून मोह होतो.

लेखकानं स्वतः नकाशा काढून दिला असेल तर आपली कार्डं बाजूला ठेवून तो आधी पाहायचा. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरनं 1936 च्या कादंबरीला आपल्या कल्पित परगण्याचा नकाशा जोडला. त्यावर क्षेत्रफळ 2,400 चौरस मैल लिहिलं, लोकसंख्या लिहिली, आणि खाली स्वतःला एकमेव मालक म्हणून नोंदवलं. तो परगणा त्याच्या खऱ्या परगण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, त्यामुळे एकावर एक ठेवून ते बसवताच येत नाहीत. इंग्रज कादंबरीकार हार्डीनं उलट केलं. त्याचं कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्चेस्टर हे वाचक सरळ ओळखतात. तिथे नावावर नाव ठेवून जोडी दाखवली तर चूक नाही. अशी जोडी लेखकानं स्वतः मान्य केली असेल तरच दाखवा.

पहिलं पान मात्र मी रामटेकला देईन. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं संशोधक वा. वि. मिराशींनी आग्रहानं मांडलं. दुसऱ्या जागांचे दावेही आहेत, तेही तळटीपेत येऊ द्या. मेघाची वाट आखताना रेवा (म्हणजे नर्मदा), विदिशा, उज्जयिनी ही खरी ठिकाणं पक्क्या रेघेनं जोडता येतात. सुरुवातीलाच एक सुंदर अडचण आहे. माळाचा प्रदेश चढून झाल्यावर यक्ष मेघाला सांगतो, "किञ्चित् पश्चात्" जा आणि मग पुन्हा उत्तरेला. "पश्चात्" म्हणजे "मागाहून"ही आणि "पश्चिमेकडे"ही. एका अर्थानं मेघ सरळ वर जातो, दुसऱ्या अर्थानं थोडा डावीकडे वळतो. एका अव्ययापायी नकाशावरची रेघ वाकते किंवा सरळ राहते! मी या ठिकाणी दोन्ही रेघा काढते, दोन्ही तुटक. आणि वर, हिमालयापलीकडे, अलका नगरीकडे जाताना रेघ हळूहळू फिकी करत नेते. अलकेभोवती हद्द काढायची नाही, तिथे कागद कोराच ठेवायचा.

आता आकार. बुलडाण्याच्या पश्चिम कडेपासून गडचिरोलीच्या पूर्व कडेपर्यंत विदर्भ सुमारे 515 किलोमीटर रुंद, उत्तर-दक्षिण सुमारे 345. दहा लाखांस एक हे प्रमाण घ्या, म्हणजे 1 सेंटिमीटरला 10 किलोमीटर. 52 बाय 35 सेंटिमीटरमध्ये सगळं मावतं आणि मोठ्या ड्रॉइंग शीटवर वर सिवनीसाठी पाच-सात सेंटिमीटर जागाही उरते. हा फक्त एकत्र पाहण्याचा नकाशा. प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा, पन्नास हजारांस एक असा तक्ता करा. त्यावर 1 किलोमीटरला 2 सेंटिमीटर मिळतात आणि नाला, पांदन, देवराई दाखवता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे या प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवता येतात. नागपूर शहर 55 ओ/4 या पानावर येतं, तिथून शेजारची पानं शोधायला मुलांना शिकवा. गूगलच्या नकाशावर आकृत्याही काढता येतात हे खरं, पण हात आधी टाचणीकडेच जातो. संगणकावरच करायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. प्रत्येक पुस्तकाचा थर वेगळा ठेवा आणि रंगाची पारदर्शकता 60-70 टक्के, म्हणजे खालची खरी गावं वाचता येतील. दोन पुस्तकांच्या हद्दी एकमेकींवर आल्या तर येऊ द्या.

माझा तो जुना नकाशा मी नव्यानं केला. टाचणी काढली आणि सूर्यास्ताची ओळ धरून हद्द आखली. पट्ट्यात आता चौदा खरी गावं येतात, काकूंचं त्यात येत नाही. कोणत्याही खऱ्या घराचं, आडनावाचं नाव त्यावर नाही. छापण्याआधी तुम्हीही तेवढं एकदा डोळ्यांत तेल घालून तपासा.

आणि सुरुवात नद्यांपासून करा. वर्धा, वैनगंगा, पेंच, कन्हान, पूर्णा, पैनगंगा. छापील नकाशावरून ट्रेसिंग पेपरवर, मुलांच्या हातानं, उगमाकडून खाली. गावं नंतर.